खोक्यावर काय लिहायचं?

अधिक महिना होता. आमच्याकडे दाजींचं धोंड्याचं जेवण होतं. जावयाला वाण द्यायचं म्हणून आईने तेहतीस अनारसे तबकात रचून ठेवले होते. जेवणं झाली, ओवाळून झालं आणि ते तबक, सोबतचा चांदीचा दिवा असं सगळं दाजींच्या गाडीत ठेवायला मी आणि मामा खाली उतरलो. डिकी उघडली तर आत एक खोका. तपकिरी चिकटपट्टीने चहूबाजूंनी आवळलेला, वर मार्करने यवतमाळचा पत्ता, आणि त्याखाली ठळक अक्षरांत लिहिलेलं : ‘मशिनचे सुटे भाग’.

मामांनी तबक माझ्या हातात दिलं, खोक्याची एक कड जराशी उचलून पाहिली आणि हळूच खाली ठेवली.

“अनारसे इथे नको ठेवूस,” ते म्हणाले. “वर चल. जावईबापूंशी बोलायचंय.”

मामा मुंबईला सहारच्या कार्गोत होते. तिथल्या ‘डीजी’च्या, म्हणजे धोकादायक मालाच्या टेबलावर त्यांची उमेदीची वर्षं गेली. निवृत्त झाले तरी सवय गेलेली नाही. घरात कुठलंही पार्सल आलं की उघडायच्या आधी त्यावरची लेबलं वाचतात. दाजींचं भोसरीला एमआयडीसीत छोटं शेड आहे. फवारणी पंपांच्या लिथियम बॅटऱ्या ते जोडतात. सेल बाहेरून येतात, शेडमध्ये निकेलच्या पट्ट्यांनी स्पॉट-वेल्ड होतात, चार्जिंगवर लक्ष ठेवणारं बीएमएसचं सर्किट बसतं, वरून निळी स्लीव्ह चढते. शिशाच्या जुन्या बॅटरीपेक्षा पाठीवरचं ओझं बरंच कमी होतं, म्हणून शेतकरी खूष. दाजींना याचा अभिमान आहे, आणि तो खोटा नाही.

पुढचा दीड तास गॅलरीत जे चाललं ते आठवेल तसं लिहितो. जावयाचा मान राखायचा आणि त्याचं चुकलंय हेही सांगायचं, ही कसरत मामांनी एकदाही ‘तुम्ही’ न सोडता केली.

“खोक्यात बॅटऱ्या आहेत ना?”

“हो, मामा. आठ.”

“मग वर सुटे भाग का?”

“कारण लिथियम बॅटरी लिहिलं की कोणी हात लावत नाही.” दाजींनी हे इतक्या सरळ सांगितलं की मामाच क्षणभर गप्प झाले. “तीन ठिकाणी हिंडलो. पहिला म्हणाला, वरून मनाई आहे. दुसरा म्हणाला, एमएसडीएस आणा, मालाच्या धोक्यांची माहिती देणारा कागद. नेला, तर म्हणे हा नाही चालत, दुसरा आणा. कुठला, ते त्यालाही माहीत नाही. तिसऱ्याने मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, शेठ, सुटे भाग लिहा, उद्या गाडीत चढतो माल. ही अक्कल माझी नाही मामा, तुमच्याच धंद्यातली आहे.”

“तो तिसरा माझ्या टेबलावरही यायचा. दर वेळी नाव वेगळं असायचं.”

“तुम्ही त्याला परत पाठवायचात. पण माल कुठे जायचा? घरी थोडाच जायचा! दुसऱ्या दारातून, दुसऱ्या नावाने जायचाच ना? मग नियमाने केलं काय? जो खरं लिहितो त्याला थांबवलं आणि जो खोटं लिहितो त्याला वाट दिली.”

इथे मला दाजींचं पटलं, आणि मामांच्या चेहऱ्यावरून वाटलं की त्यांनाही थोडं पटलं असावं. चेकलिस्टमध्ये एका रकान्यात ‘नाही’ आलं की माल परत, ही त्यांची आयुष्यभराची शिस्त. पण परत केलेल्या मालाचं पुढे काय होतं हे चेकलिस्ट विचारत नाही.

मामा म्हणाले, “नाही म्हणायला शिकावं लागत नाही, हो म्हणायला शिकावं लागतं. काउंटरवरच्या पोराला कोणी शिकवलेलं नसतं, म्हणून ते नाही म्हणतं. ही आमची चूक, मान्य. पण तुमच्या खोक्यावरच्या त्या तीन शब्दांबद्दल मी एक गोष्ट सांगतो. ३ सप्टेंबर २०१०. दुबईहून कोलोनला निघालेलं मालवाहू ७४७. उडून बावीस मिनिटं झाली आणि आगीची घंटा वाजली. कॉकपिटमध्ये इतका धूर की समोरचे काटे दिसेनात. विमान परत फिरवलं, पण आंधळ्यासारखं. दुबईपाशीच कोसळलं. आत दोघेच वैमानिक होते, दोघेही गेले. अमिरातींचा चौकशी अहवाल २०१३ साली आला. आग जिथे लागली त्या भागातल्या मालात लिथियम बॅटऱ्या होत्या, एवढं त्यात आहे. आणि आणखी एक वाक्य आहे, ते आम्हाला प्रत्येक ट्रेनिंगला ऐकवायचे. त्या विमानात धोकादायक म्हणून जाहीर केलेला एकही डाग नव्हता. प्रत्यक्षात निदान तीन शिपमेंट अशा होत्या की त्या नवव्या वर्गात, म्हणजे तुमच्या या बॅटऱ्यांच्या वर्गात, मोडत होत्या.”

“म्हणजे कागदावर तेही सुटे भागच होते.”

“कागदावर काय होतं ते सोडा. वैमानिकाच्या हातातल्या यादीत ते नव्हतं.”

दाजी थोडा वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, “पण ते विमान. माझा खोका ट्रकने जाणार.”

“तुम्ही ट्रकला दिलात. पुढे तो कुठे चढेल हे तुमच्या हातात आहे का? एखाद्या दिवशी माल तुंबला, गाडी चुकली, की सुटे भाग म्हटल्यावर कोणीही तो निःशंक विमानात टाकेल. कोणत्याही प्रवासी विमानाच्या पोटात नुसती लिथियम-आयन बॅटरी माल म्हणून जाऊ शकत नाही, १ एप्रिल २०१६ पासून सगळ्या जगात मनाई आहे. मालवाहू विमानात जाते, पण तीस टक्क्यांच्या वर चार्ज नको. तुमच्या किती टक्के भरलेल्यात?”

“फुल. शेतकऱ्याने खोका उघडला की लगेच पंप चालला पाहिजे, मामा. रिकामी बॅटरी हातात आली तर तो म्हणतो, जुनी दिली.”

“आणि ट्रकच म्हणाल, तर नाशिक विसरलात का?”

नाशिक दाजी विसरले नव्हते, आमच्या भागात कोणीच विसरलेलं नाही. ९ एप्रिल २०२२ ला कारखान्यातून चाळीस ई-स्कूटर घेऊन निघालेल्या कंटेनरला आग लागली आणि वीस स्कूटर जळाल्या. कोणाला इजा झाली नाही. गाड्या चालत नव्हत्या, चार्जिंगला नव्हत्या, नुसत्या एकावर एक उभ्या होत्या. त्याच्या दोनच आठवडे आधी पुण्यात रस्त्याकडेला उभ्या स्कूटरने पेट घेतला होता आणि तो व्हिडिओ देशभर फिरला होता.

“पेट्रोलच्या टँकरबद्दल कोण असा दंगा करतं?” दाजी म्हणाले. “एक्स्प्रेस-वेवर रोज किती जातात. उलटतात, पेटतात. माझी एक बॅटरी म्हणजे त्यातलं वाटीभर पेट्रोलसुद्धा नाही.”

“टँकरवर लिहिलेलं असतं, जावईबापू. मागच्या गाडीतला माणूस अंतर ठेवतो, फायर ब्रिगेडला फोम आणायचा की पाणी ते कळतं, ड्रायव्हरला त्याचं वेगळं ट्रेनिंग असतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत, १९८९ च्या, नियम १२९ पासून पुढे हेच आहे. माल पाठवणाऱ्याने वाहतूकदाराला खरी माहिती द्यायची आणि वाहतूकदाराने ती ड्रायव्हरपर्यंत पोचवायची. आणि पेट्रोलला ठिणगी बाहेरून लागते. तुमच्या सेलला बाहेरचं कोणी लागत नाही. आतला तो प्लॅस्टिकचा पडदा, केसापेक्षा पातळ, तो एका ठिकाणी फाटला किंवा वितळला की दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात. तापतं. तापलं की आतलं रसायन आणखी तापतं. मग कॅथोडमधूनच ऑक्सिजन सुटायला लागतो आणि बाहेरची हवा बंद केली तरी ते विझत नाही. विमानाच्या पोटात हॅलॉन वायू असतो. ज्वाळा दाबतो, पण सेल थंड करत नाही. शेजारचा सेल तापतच राहतो.”

“आणि केबिनमध्ये दोनशे जण खिशात फोन घेऊन बसतात ते चालतं?”

“चालतं, कारण केबिनमध्ये माणसं असतात. धूर दिसतो, कोणीतरी पाणी ओततं. पोटात कोण आहे? म्हणूनच पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत नको, हातात हवी. वीस हजार एमएएचची म्हणजे चौऱ्याहत्तर वॉट-अवर, शंभरच्या आत, म्हणून कोणी विचारत नाही. शंभर ते एकशेसाठपर्यंत विमान कंपनीची परवानगी. त्याच्या वर नाहीच.”

आतून ताईने चहा आणला. मामांनी कप हातात घेतला आणि विचारलं, “तुमची एक बॅटरी किती वॉट-अवरची?”

दाजींनी हिशेब तोंडावर सांगितला. तीन सेल एकापुढे एक, म्हणजे ११.१ व्होल्ट. प्रत्येक ठिकाणी पाच सेल जोडीला, २४०० एमएएचचे, म्हणजे १२ अँपिअर-अवर. गुणाकार १३३.

“आता टेस्ट समरी, म्हणजे परीक्षांचा कागद, दाखवा.”

दाजींनी मोबाइलवर पीडीएफ काढली. व्हॉट्सॲपवर सेलच्या व्यापाऱ्याने पाठवलेली, इंग्रजी आणि चिनी, खाली लाल गोल शिक्का. मामांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो. वर प्रयोगशाळेचं नाव, अहवालाचा क्रमांक, तारीख. मग सेलचं मॉडेल, वजन, क्षमता. मग टी-१ ते टी-८, एकाखाली एक, प्रत्येकापुढे ‘पास’.

“यूएन ३८.३, लिथियम बॅटरी वाहतुकीला द्यायच्या आधीची संयुक्त राष्ट्रांची परीक्षा. बरोबर कागद आहे. आठही परीक्षा आहेत.” मामा बोटाने एकेक ओळ उतरत गेले, आणि इथे त्यांचा आवाज बदलला, जुन्या टेबलावर बसल्यासारखा. “टी-१, उंची. ११.६ किलोपास्कल हवेच्या दाबात सहा तास. पन्नास हजार फुटांवर जेवढी विरळ हवा असते तेवढी. तुमचं यवतमाळ तेवढं उंच नाही, पण असो. टी-२, बहात्तर अंशांत सहा तास, लगेच उणे चाळीसमध्ये सहा तास, असं दहा वेळा. मे महिन्यात नागपूरला उभा असलेला बंद कंटेनर आठवा म्हणजे बहात्तर कुठून आले ते कळेल. टी-३, हादरे. एका दिशेला तीन तास, अशा तीन दिशा. टी-४ धक्का, गुरुत्वाकर्षणाच्या दीडशे पट, अठरा वेळा. टी-५, सेल सत्तावन्न अंशांवर ठेवून बाहेरून शॉर्ट. आणि गंमत काय, पहिल्या पाचही परीक्षा त्याच सेलवर. नवा सेल मिळत नाही. उंचीत थकलेला, उन्हात भाजलेला, हादरलेला, आपटलेला, तोच शेवटी शॉर्ट करायचा.”

“आणि सहावी म्हणजे हातोडा,” दाजी म्हणाले. त्यांनी हे यूट्यूबवर पाहिलं होतं.

“हातोडा नाही, वजन. सेल आडवा ठेवायचा, त्यावर आडवी सळई, १५.८ मिलिमीटरची, आणि एकसष्ट सेंटीमीटरवरून तिच्यावर नऊ किलो शंभर ग्रॅम सोडायचं. पाट्यावर सळई ठेवून दोन फुटांवरून वरवंटा टाकल्यासारखं, पण वरवंटा चांगला जड हवा. बाहेरून एकशे सत्तर अंशांच्या वर तापायचं नाही, सहा तासांत पेटायचं नाही, फुटायचं नाही.”

अनारसे तळायच्या तेलाएवढं, असं मी मध्येच म्हणालो. कोणी दखल घेतली नाही.

“या परीक्षेची मुळं फार जुनी आहेत,” मामा म्हणाले. “१९८६ साली जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी आपल्या नव्या बॅटरीवर लोखंडाचा ठोकळा टाकून पाहिला. साध्या प्रयोगशाळेत नाही, स्फोटकं तपासायच्या जागेवर जाऊन. शुद्ध लिथियमची बॅटरी भडकली, त्यांची नाही भडकली. ते म्हणतात, लिथियम-आयन बॅटरी जन्मली ती त्या क्षणी. २०१९ ला त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे बघा, बॅटरी चालते की नाही यावर जन्म ठरला नाही, आपटल्यावर काय करते यावर ठरला.”

मामांचं हे वाक्य मला फार आवडलं होतं, पण दाजी त्यात अडकणारे नव्हते.

“छान. मग माझा सेल आठही पास आहे. आता काय हवं?”

“तुमचा सेल नव्हे, हा सेल.” मामांनी मोबाइल पुढे केला. “यात २६०० एमएएच लिहिलंय. तुम्ही आत्ता मला २४०० सांगितलंत.”

दाजींनी मोबाइल घेतला, मोठा करून पाहिला, पुन्हा लहान केला. “२६०० चे मागे मिळायचे. हल्ली हेच येतात. व्यापारी तोच आहे.”

“व्यापारी तोच असेल, सेल तो नाही. आणि तो असता तरी भागलं नसतं. हा कागद सेलचा आहे. पंधरा सेल पट्टीने जोडले, सर्किट लावलं, स्लीव्ह चढवली की ती बॅटरी झाली. तिची परीक्षा वेगळी. सेल पास झालेत म्हणून बॅटरी पास, असं नियमात नाही. उलट तसं धरू नका असं स्पष्ट लिहिलंय.”

“म्हणजे सेलवाल्याने केलेलंच मी परत करायचं. का? माझ्यासारख्या चार पोरांच्या शेडने? मी चौकशी केली होती, मामा. नुसत्या बॅटऱ्या सोळा लागतात. अर्ध्या नव्या, अर्ध्या पंचवीस वेळा चार्ज-डिस्चार्ज केलेल्या. वर सुटे सेल. प्रयोगशाळेची फी वेगळी. आणि उद्या सेल बदलला की परत सगळं! मोठ्या कारखान्याला हे लाखात एक पडतं, मला शंभरात एक. नियम कागदावर सगळ्यांना सारखाच असतो.”

याला मामांकडे उत्तर नव्हतं. त्यांनी दिलंही नाही. नियम करणारी संयुक्त राष्ट्रांची समिती जिनिव्हात बसते. तिच्यासमोर कोट्यवधी सेल बनवणारे कारखाने असतात, भोसरीचं शेड नसतं. एवढीच सोय आहे की वर्षाला शंभरांपर्यंतच बॅटऱ्या बनवणाऱ्याला परीक्षेतून सूट मिळते, पण पॅकिंगच्या कडक अटींवर. दाजी त्या आकड्याच्या केव्हाच पुढे गेलेत.

“बरं, मी नऊ अँपिअर-अवरची केली तर?” दाजींचे डोळे लकाकले. “११.१ गुणिले ९. नव्व्याण्णव पूर्णांक नऊ. शंभरच्या आत.”

मामा हसले. “हा हिशेब तुमच्या आधी पुष्कळांनी केलाय. रस्त्याने, समुद्राने जाताना नवव्या वर्गाचं लेबल सुटेल, मंजूर पेटी लागणार नाही. लाल रेघांच्या चौकटीतली बॅटरीची खूण लागेल आणि खोका सव्वा मीटरवरून, बरोबर सांगायचं तर एक मीटर वीसवरून, पडला तरी आतलं शाबूत राहायला हवं. पण परीक्षा नाही सुटत. शंभरच्या आत असो की बाहेर, ती आहेच.”

“तुमच्या परीक्षा!” दाजी आता चिडले. कप खाली ठेवला. “तुमच्या आठांत एक तरी परीक्षा विचारते का, की एक सेल पेटला तर शेजारच्या चौदांचं काय? नाही विचारत. उंची, ऊन, हादरे, सगळं आहे. पण आग पसरते की नाही, हे कोणीच बघत नाही. खरी भीती तर त्याचीच आहे! स्कूटरवाल्यांना निदान ते करावं लागतं. इथे वेताळ टेकडीवर एआरएआयमध्ये, गाड्या तपासतात तिथे, जाऊन बघा. २०२२ च्या आगींनंतर ई-स्कूटरच्या बॅटऱ्यांचं मानक, एआयएस-१५६, बदललं. पहिला टप्पा त्याच वर्षी १ डिसेंबरपासून, दुसरा ३१ मार्च २०२३ पासून. त्यात एक सेल मुद्दाम बिघडवतात आणि पॅक पेटतो का बघतात. ती परीक्षा मला समजते. तुमची पन्नास हजार फुटांची नाही समजत.”

मी मामांकडे पाहिलं. हा घाव वर्मी होता. यूएन ३८.३ मध्ये आग एका सेलवरून दुसऱ्यावर जाते का, याची परीक्षा खरोखरच नाही.

“बरोबर बोललात,” मामा सावकाश म्हणाले. “नाहीये. म्हणून तर बाकीचं आहे. तीस टक्के चार्ज त्यासाठीच. भरलेला सेल पेटला की शेजाऱ्याला पेटवायला त्याच्याकडे ताकद असते. अर्धपोटी सेलकडे तेवढी नसते. प्रवासी विमानात मनाई त्यासाठीच. टोकं झाकायची, बॅटऱ्या एकमेकींना लागू द्यायच्या नाहीत, खोक्यावर खूण करायची, सगळं त्यासाठीच. परीक्षेत जे राहून गेलंय ते पॅकिंगने आणि लेबलाने भरून काढतात. आणि तुम्ही नेमकं तेच काढून टाकलंत.”

दाजी काही बोलले नाहीत.

“आणखी एक. परीक्षा सोळा बॅटऱ्यांची होते, जावईबापू. सतराव्या बॅटरीची कोणीच घेत नाही. तो कागद डिझाइनचा आहे. सतरावी पहिल्या सोळांसारखीच निघेल, हे वचन प्रयोगशाळेने नाही दिलेलं, बनवणाऱ्याने दिलेलं असतं. नियमात तेही आहे, कारखान्यात गुणवत्तेची पद्धत हवी, नोंदी हव्यात. पण ते बघायला कोणी येत नाही. तेवढं तुमच्याच हातात आहे. त्या खोक्यातल्या आठही नव्या आहेत?”

आता दाजी थांबले ते जरा जास्तच.

“सहा नव्या.”

“आणि दोन?”

“रिपेअरला आलेल्या. परत पाठवतोय. एकीचा बीएमएस गेला होता, बदलला. दुसरी...” दाजींनी माझ्याकडे पाहिलं, जसं काही मी मदत करणार होतो. “दुसरी पंपासकट विहिरीत पडली होती. वाळवली, तपासली. व्होल्टेज बरोबर दाखवते.”

मामा उठले. चहा अर्धा राहिला. आम्ही तिघे खाली गेलो, डिकीतून खोका काढला आणि अंगणात तुळशीपासून लांब, फरशीवर ठेवला. मामांनी चिकटपट्टी स्वतः कापली, ब्लेडचं टोक आत न जाऊ देता. आत आठ निळ्या बॅटऱ्या, मध्ये वर्तमानपत्राचे बोळे. नव्या सहांच्या वायरींना कनेक्टर होते. दुरुस्तीच्या एकीची दोन टोकं उघडी होती, त्यांना मामांनी तिथेच चिकटपट्टी गुंडाळली. विहिरीतल्या बॅटरीची स्लीव्ह बदललेली होती, नवीकोरी दिसत होती. मामांनी ती कानाजवळ नेली, मग नाकाजवळ. एका टोकाला निकेलच्या पट्टीवर हिरवट-पांढरी बुरशी दिसत होती, स्लीव्हच्या कडेखाली, नखाएवढी.

“व्होल्टेज बरोबर दाखवते,” मामा म्हणाले. बाकी काही नाही.

बिघडलेली, मार लागलेली, पाणी शिरलेली बॅटरी विमानाने कुठल्याही अटीवर जात नाही. रस्त्याने न्यायची तर प्रत्येक वेगळ्या पिशवीत, भोवती न पेटणारं आणि वीज न वाहणारं काहीतरी, व्हर्मिक्युलाइटसारखं, आणि वर स्पष्ट लिहिलेलं. दाजींना हे सांगायची गरज पडली नाही. त्यांनी त्या दोन उचलून वेगळ्या ठेवल्या. मग खोक्यावरच्या तीन शब्दांवर मार्करने काट मारली, आणि काट मारल्यावर तिथे काय लिहायचं ते न सुचून मार्करचं टोपण लावून टाकलं.

जाताना त्यांनी गाडीत बसून काच खाली केली आणि मामांना शेवटचा टोला दिलाच. “टेस्टला सोळा बॅटऱ्या पाठवायच्या, त्याही टेस्ट न झालेल्या. त्या कशा पाठवायच्या, मामा? सुटे भाग लिहून?”

“त्याला सोय आहे,” मामा म्हणाले. “परीक्षेला जाणाऱ्या नमुन्यांना सूट आहे. एकेक वेगळी गुंडाळायची, न पेटणाऱ्या भरावात. करा, मी येतो पॅकिंगला.”

आणि ते खरंच गेले, दोन रविवार, भोसरीला. सोळा बॅटऱ्या दाजी स्वतः गाडीतून प्रयोगशाळेत देऊन आले. पैसे कर्जाऊ घेतलेत. निकाल अजून यायचा आहे. यवतमाळच्या डीलरने तोवर दुसरीकडून माल उचलला. तो कोणत्या नावाने गेला हे आम्हाला कळायला मार्ग नाही. विहिरीत पडलेली ती बॅटरी शेडबाहेर, पत्र्याच्या बादलीत, कोरड्या वाळूत आहे. भंगारवाला दोनदा येऊन गेला, पण ती त्यालाही नको आहे.

तुमच्या घरात कपाटामागे फुगलेली पॉवर बँक किंवा जुन्या स्कूटरची बॅटरी पडली असेल, तर ती कुरिअरला देताना किंवा भंगारात टाकताना खोक्यावर काय आहे ते लिहा. उचलणाऱ्याला आत काय आहे ते दिसत नसतं.